रीळ क्रमांक २३०७ मधील अडथळा

इतिहास घडत असतो तेव्हा त्याच्यासमोरून कोणीतरी चालत जात असतं. इतिहासाची ही सर्वांत मोठी अडचण आहे, आणि ती दूर करायला अजून कोणत्याही सरकारने पुरेसा निधी दिलेला नाही.

ओहायोतल्या एका लष्करी विमान-चित्रफीत संग्रहाने मात्र आपल्या परीने यावर तोड काढली होती. संग्रहात चार हजार एकशे बारा रिळं होती. १९९८ सालच्या मोजणीनुसार त्यांत विमानं एकोणचाळीस टक्के, ढग एकतीस टक्के, रिकामी धावपट्टी एकवीस टक्के आणि कॅमेरामनचा अंगठा नऊ टक्के भरला. प्रत्येक रिळाचं एक कार्ड असे. कार्डावर आधी विमान, मग त्याच्या शेपटीवरचा नंबर, मग हवामान, आणि अगदी तळाला, जागा उरलीच तर, 'अडथळे' असा रकाना. अडथळे म्हणजे विमानाच्या आड येणाऱ्या वस्तू : शिडी, ट्रक, झेंडा, माणूस. आजवर अंदाजे एकसष्ट हजार माणसं अशी आड आली होती. त्यांतली नावानिशी नोंद होती ती चौदा सेनापतींची आणि एका कुत्र्याची. (कुत्र्याचं नाव विमानाच्या नाकावर रंगवलेलं होतं. सेनापतींची ही सोय नसल्यामुळे त्यांना वेळ लागला.)

नंबर शोधण्याचं काम दर बुधवारी सकाळी दहा वाजता ओळख समिती करी. समितीत अकरा निवृत्त गृहस्थ होते. एका विमानाची फक्त अर्धी खिडकी दाखवली तरी ते ते विमान कुठल्या महिन्यात कारखान्याबाहेर पडलं ते सांगत. आपला चष्मा कुठे आहे ते सांगायला त्यांना घरी फोन करावा लागे.

मर्ल डसेल हा समितीतला सर्वांत मानाचा माणूस. वय सहासष्ट. तरुणपणी तो जवळच्या तळावर विमानांच्या शेपट्यांवर नंबर रंगवायचा, पुढे दुकानांच्या पाट्या. एकदा त्याने नुसत्या चाकाच्या सावलीवरून विमान ओळखलं होतं, तेव्हा दोन सभासद रडले होते. गेल्या नोव्हेंबरात मर्लची बायको वारली. समितीने सांत्वनाचं कार्ड पाठवलं. कार्डावर बॉम्बफेकी विमान होतं.

फेब्रुवारीत रीळ क्रमांक २३०७ समितीपुढे आलं. १९५५ सालच्या जूनमधलं, मुकं, आणि डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा. फिल्म सडायला लागली की असा वास येतो, आणि तो शेजारच्या रिळांनाही लागतो. पडद्यावर एक मालवाहू विमान उभं होतं. डावीकडून डोक्याला ठिपक्यांचा रुमाल बांधलेली एक मुलगी आली. हातात डोनटचा ट्रे. ती नेमकी शेपटीवरच्या शेवटच्या आकड्यापुढे थांबली, वर बघून कोणाला तरी काहीतरी ओरडली, हसता हसता एक डोनट पाडला, आणि आता हलणार तोच रीळ संपलं. एकूण नऊ सेकंद.

मर्लने तिला पहिल्याच सेकंदाला ओळखलं. या शेपटीचा नंबर नुकताच संपवून चौकटीबाहेर, शेजारच्या विमानाच्या शिडीवर, ब्रश घेऊन तोच तर उभा होता. ती त्याच्यावरच ओरडत होती, "अरे ए, तो शेवटचा तीन आहे का आठ? माझी आजी याहून बरे आकडे काढते, आणि तिला मोतीबिंदू आहे!" पुढच्या ऑक्टोबरात त्यांचं लग्न झालं.

मर्लच्या शेजारच्या खुर्चीत डेल्बर्ट क्रुमहोल्ट्झ बसला होता. डेल्बर्टने वीस वर्षं दर रविवारी या बाईच्या हातचं जेवण जेवून, वर डबा भरून घरी नेला होता. तो पडद्याकडे बघून ओरडला, "ए बाई, सरक की! काचेची आहेस का तू?"

मर्लने तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्याला नियम चौदा आठवला.

नियम चौदा असा : विमानाचा नंबर ओळखला गेला, ते विमान अन्य रिळांत उपलब्ध असलं आणि सदर रिळाला वास येत असला, तर सदर रीळ नष्ट करावं. मात्र नंबर ओळखला गेला नसेल तर विमान दुर्मीळ असण्याची शक्यता गृहीत धरून रीळ जपावं आणि ओळख पटेपर्यंत दर बुधवारी दाखवावं. (रीळ मागून घरी नेता येत नसे. नियम पंधराप्रमाणे सरकारी मालमत्ता जाळता येई, देता येत नसे.) त्या जातीच्या विमानांची संग्रहात दोनशे चौदा रिळं होती. म्हणजे मर्लने खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न नंबरचा आला असता, आणि त्यापुढचं काम भट्टीचं. मर्लने तोंड मिटलं.

त्यानंतरचे अकरा बुधवार मर्लच्या आयुष्यात फार चांगले गेले. दर बुधवारी दहा वाजता दिवे मालवत, ती डावीकडून येई, आणि दहा म्हातारे एका सुरात "सरक गं बाई!" असं किंचाळत. ती एकदाही सरकली नाही. घरीही तिचा हाच स्वभाव होता. मर्ल पुढच्या रांगेत बसू लागला. "सुकाणूचं पातं बघतोय," असं त्याने सांगितलं. समितीला त्याच्या कष्टाळूपणाचं कौतुक वाटलं. आठव्या बुधवारी तो दाढी करून, टाय लावून आला. तेव्हा सगळ्यांना वाटलं, याला नंबरचा सुगावा लागला.

बाराव्या बुधवारी लेलंड ओबरहोल्ट्झर नावाच्या सभासदाने घात केला. त्याने दर बुधवारी पडद्याला भिंग लावून अडीच महिने काढले होते, आणि रुमालाच्या गाठीशेजारी आकड्याची एक बारीकशी कड त्याला सापडली होती.

"तीन!" लेलंड ओरडला. "मित्रांनो, तीन आहे!"

टाळ्या झाल्या. संग्रहाच्या प्रमुख मिस टॅकेट यांनी शिक्का बाहेर काढला. बाई वाईट नव्हत्या. नियम चौदा त्यांनी केलेला नव्हता, त्यांनी फक्त त्याला चौकट करून भिंतीवर लावलं होतं. "कोणाची हरकत?" त्यांनी विचारलं, आणि शिक्क्यावर फुंकर मारली.

"आठ आहे," मर्ल म्हणाला.

हे खरं होतं की खोटं, हे आख्ख्या ओहायोत एकट्या मर्लला ठाऊक होतं. तो चाळीस मिनिटं बोलला. ब्रशचा कल, रंगाचा ओघळ, जूनमधली हवा आणि तळावरच्या रंगाऱ्यांची एकूण हातोटी यांवर त्याने प्रकाश टाकला. शेवटी चौघेजण आठचे झाले.

"शेपट्या रंगवलेला माणूस आहे तो!" डेल्बर्ट म्हणाला.

"मग त्याने नीट रंगवायला हवं होतं!" लेलंड म्हणाला.

समिती फुटली. तीनवाले खिडकीकडे बसू लागले, आठवाले दाराकडे. डोनटचे खोके वेगळे झाले. तीनवाल्यांनी पत्रक काढलं, आठवाल्यांनी त्याला उत्तर म्हणून पत्रक काढलं, आणि एका मध्यममार्गी सभासदाने 'शून्य का नाही?' असा लेख लिहिल्यावर त्याच्याशी दोन्हीकडचे बोलेनासे झाले. प्रकरण वर गेलं. वरून आदेश आला की वादग्रस्त रिळाची काळजी दुर्मीळ रिळापेक्षा जास्त घेण्यात यावी. त्यान्वये २३०७ला शीतगृहातला सर्वांत वरचा कप्पा मिळाला. (तिथलं राष्ट्राध्यक्षांच्या विमानाचं रीळ खाली सरकवण्यात आलं.) रिळाची नवी प्रत निघाली. नऊ सेकंदांची दोनशे सोळा छायाचित्रं निघाली आणि मोठी करून सभासदांना अभ्यासासाठी वाटण्यात आली. महिन्याभरात अकरा घरांच्या भिंतींवर ती ट्रे घेऊन हसू लागली. बायकांनी नवऱ्यांना विचारलं, ही कोण? नवरे म्हणाले, कोणी नाही, अडथळा आहे.

डेल्बर्टच्या घरी मात्र त्याची बायको वर्ना हातातली कढई तशीच धरून भिंतीपुढे उभी राहिली. "अरे मूर्खा," ती म्हणाली, "ही मर्लची बायको आहे!"

पुढच्या बुधवारी डेल्बर्ट दारातच ओरडला, "मर्ल! ती तुझी बायको आहे!"

खिडकीकडचे आणि दाराकडचे प्रथमच एका दिशेला वळले. मिस टॅकेट यांचा हात शिक्क्यावर गेला.

"हो," मर्ल म्हणाला.

"मग तू तिथे होतास!"

"होतो."

डेल्बर्टने त्याचे दोन्ही खांदे धरले. "मग सांग ना लेका! आकडा कोणता होता?"

मर्लने पडद्याकडे पाहिलं. पडदा कोरा होता, पण त्याला सवय झाली होती.

"नाही पाहिला रे," तो म्हणाला. "ती समोर होती ना."

लेलंडने डोक्यावरची टोपी काढली. एकेक करून सगळ्यांनी काढल्या. तीनवाले रांगेने आले, आठवाले आले, मध्यममार्गीही आला. प्रत्येकाने मर्लचा हात हातात घेतला, कोणी पाठीवरून हात फिरवला. "फार वाईट झालं," लेलंड डोळे पुसत म्हणाला. "इतक्या जवळ असून दिसू नये म्हणजे..." नोव्हेंबरात राहून गेलेलं सांत्वन असं जुलै महिन्यात, सव्याज पार पडलं. मर्लने ते घेतलं. मिस टॅकेट यांनी शिक्का खणात ठेवला आणि कार्ड कायमचं पुरं केलं. विमान : मालवाहू. नंबर : वादग्रस्त. हवामान : स्वच्छ. अडथळे : स्त्री, एक; डोनट, अनेक. दर बुधवारी दाखवावे.

वाचकांना अर्थातच वाटत असेल की तीन की आठ, हे आम्ही आता तरी सांगू. तशी पत्रं येतील, आणि त्यांना क्रमवार उत्तरं देण्याची व्यवस्था केलेली आहे. या नोंदीत कुत्र्याला नाव असल्याचं तुम्ही ध्यानात ठेवलंत, मिस टॅकेट, लेलंड, डेल्बर्ट, कढईवाली वर्नासुद्धा तुमच्या लक्षात राहिली. त्या ट्रेवाल्या मुलीचं नाव काय होतं, हे अजून कोणीच विचारलेलं नाही. हरकत नाही. समितीत तुमच्यासाठी एक जागा रिकामी आहे.