खिडकीकाकांचा निरोप

आपल्या निरोप समारंभाला माणसाने निदान स्वतः हजर असावं, एवढी साधी अपेक्षा असते. खिडकीकाका हजर होते. फक्त शेजारच्या टेबलावर.

यात त्यांचा दोष किती आणि कचेरीचा किती, हे ठरवणं अवघड आहे. जमीनमोजणीच्या कचेरीत ते बत्तीस वर्षं रेकॉर्ड सांभाळत होते, तेही तळघरात. तळघराला मागच्या बाजूने वेगळं दार. काका साडेआठला त्या दाराने आत जात आणि सगळे पांगल्यावर त्याच दाराने बाहेर पडत. मधल्या वेळात जगाशी संबंध यायचा तो भिंतीतल्या एका चौकोनी खिडकीतून. खिडकी कमरेच्या उंचीची, कागदांचा एक बस्ता जेमतेम जाईल एवढी. वरून कुणीतरी जिना उतरून यायचं, "खिडकीकाका, सतरा नंबर!" अशी हाक मारायचं आणि हात आत घालायचं. काकांचा हात त्या हातावर सतरा नंबर ठेवायचा. साहेब बदलले, माणसं बदलली, बदलून आलेले बदलून गेले. काकांचं तोंड पाहिलेला आता कचेरीत एकही जण उरला नव्हता. काकांनीही कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं. हात मात्र ते सगळ्यांचे ओळखत. शिक्के मारणाऱ्या बाईंचा अंगठा कायम जांभळा, नकाशेवाल्याची नखं कुरतडलेली, साहेबांच्या करंगळीला वाकडेपणा. एवढ्या ओळखीवर काकांचं बत्तीस वर्षं छान चाललं होतं.

त्या दिवशी सकाळी बायकोने इस्त्रीचा शर्ट हातात देताना त्यांना बजावलं.

"इतकी वर्षं सांगताय की तिथे तुमच्यावाचून अडतं. आज कोण काय बोलतंय ते शब्दन्‌शब्द लक्षात ठेवा आणि मला येऊन सांगा."

"आणि कुणी काही बोललंच नाही तर?"

"तर तसं सांगा. पण रचून सांगू नका. मला कळतं."

काका पायऱ्या उतरले. कुणी काही बोलणार नाही याची त्यांना जवळजवळ खात्री होती. हाताबद्दल बोलून बोलून माणूस किती बोलणार?

जेवण एका इटालियन हॉटेलात होतं. दुपारी तिथे ठरलेल्या किमतीत ठरलेले पदार्थ मिळत: आधी ब्रेड आणि सूप, मग पास्ता, मग गोड. अट एकच. गट बारा जणांचा हवा आणि बाराही खुर्च्या भरल्याशिवाय पुढचा पदार्थ स्वयंपाकघरातून हलणार नाही. दारातच वेटरने विचारलं, "निरोप समारंभ? बारा जण?"

"हो."

"या. एक खुर्ची रिकामी आहे, तुमचीच वाट बघतायत."

हे शब्दशः खरं होतं. पण लाकडी पडद्यापलीकडच्या टेबलावरही निरोप समारंभच होता, तोही बारा जणांचा आणि तिथेही एक खुर्ची रिकामी होती. काका अलीकडच्या खुर्चीवर टेकले आणि समोरच्या टक्कल पडलेल्या गृहस्थांनी बोट फिरवत मोजलं, "दहा, अकरा, बारा! आणा हो सूप!" अकरा चेहऱ्यांनी काकांकडे पाहून हसून माना डोलावल्या. काकांनीही डोलावली. चेहरे अनोळखी होते, पण ते असणारच होते.

घोटाळा त्यांच्या लक्षात आला तो ब्रेडची टोपली फिरायला लागल्यावर. एकेक हात टोपलीत जात होता आणि काका सवयीने हात बघत होते. जांभळा अंगठा नव्हता. वाटलं, आज बाईंनी हात घासून धुतले असतील. कुरतडलेली नखं नव्हती. वाकडी करंगळी तर एका दिवसात सरळ होत नाही. अकराच्या अकरा हात काकांनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. त्यांनी हातातला ब्रेड खाली ठेवला.

"मी जरा चुकून..." ते उठायला लागले.

"बसा, बसा!" टक्कलवाले गृहस्थ, म्हणजे वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीचे मॅनेजर, घाबरून ओरडले. "तुम्ही उठलात की अकरा होतात! सूप थांबेल!"

खरोखरच वेटर सुपाचा ट्रे घेऊन जागच्या जागी थांबला. काका खाली बसले. वेटर चालू लागला.

मॅनेजर चमचा पेल्यावर वाजवून उभे राहिले. "मित्रहो, आपल्या फिरत्या तपासनिसांना आज आपण पहिल्यांदाच पाहतोय. एकतीस वर्षं यांचे फक्त रिपोर्ट आले. काटे तपासत हा माणूस देशभर हिंडला, स्टेशनच्या बाकांवर झोपला, गुडघाभर चिखल तुडवला..."

"अहो, ऐका," काका म्हणाले, "तुमचा माणूस मी नाही."

"बघा! रिपोर्टांतही हेच. स्वतःबद्दल एक अक्षर नाही!"

"मी जन्मात वजनकाटा तपासलेला नाही."

मॅनेजरांचा आवाज कातर झाला. "म्हणजे एवढं केलं, पण ते यांना काम वाटलंच नाही." टाळ्या पडल्या.

"अहो, मी कधी या गावाबाहेर गेलेलो नाही हो!"

"सगळा देशच यांनी आपलं गाव मानला!"

एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. काका गप्प बसले. तोंड उघडलं की ते आणखी थोर होत होते.

त्याच वेळी पडद्यापलीकडून त्यांना ओळखीचा आवाज आला. 'सतरा नंबर' म्हणणारा आवाज. "खिडकीकाकांबद्दल सांगायचं तर," तो आवाज म्हणत होता, आणि नेमकं इकडे अकरा जणांनी एकदम सूप ओढायला घेतलं. काकांनी कान टवकारले. "...अशी माणसं..." सुर्रर्र. "...म्हणून मी नेहमी म्हणतो की..." सुर्रर्र. "...कधीच विसरणार नाही!" आणि टाळ्या. बत्तीस वर्षांत कुणी पहिल्यांदा त्यांच्याबद्दल बोललं होतं आणि ते सुपात बुडालं. काकांना फक्त रडू यायचं बाकी राहिलं. घरी जाऊन आता सुर्रर्र सांगायचं का?

सूप संपताच मॅनेजरांनी निरोपाची भेट म्हणून टेबलाखालून चाकांची भलीमोठी प्रवासी बॅग काढली आणि काकांच्या मांडीवर ठेवली. बॅगेआड काका दिसेनासे झाले. त्या आडोशाचा फायदा घेऊन ते बेसिनकडे सटकले.

तिथे एक उंच, उन्हाने रापलेला, झुपकेदार मिशांचा माणूस बगलेत टेबल-लॅम्प घेऊन उभा होता.

"तुम्ही तळघरातले?" त्याने विचारलं.

"तुम्ही चिखलातले?"

दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरला.

"मी पाचदा सांगितलं हो त्यांना, मी फिरतीवर असतो," तपासनीस म्हणाले. "ते म्हणाले, तळघरात बसून मनाने फिरत असाल."

"माझ्याबद्दल काय काय बोलले? आठवतंय का? मला घरी सांगायचंय."

"आठवायला ऐकू कुठे आलं? माझा सगळा जीव पडद्याला चिकटलेला. तुमच्या बाजूला माझं चाललं होतं ना!"

इतक्यात दोन्हीकडचे वरिष्ठ एकदमच आत घुसले. पास्ता अडला होता, दोन्ही टेबलं अकरावर आली होती.

"साहेब," तपासनीस घाईघाईने कचेरीच्या साहेबांना म्हणाले, "तुमचे खिडकीकाका हे. मी नाही."

साहेबांनी काकांकडे पाहिलं आणि हात जोडले. "वा! तुम्हीसुद्धा खिडकीकाका? काय योगायोग आहे!" आणि त्यांनी तपासनिसांचा दंड धरला. "चला काका, पास्ता थंड होतोय."

"चला तपासनीस," मॅनेजर काकांना म्हणाले.

आणि दोघे पुन्हा आपापल्या चुकीच्या खुर्चीवर नेऊन बसवले गेले. वेटरने समाधानाने पास्ता वाढला.

काकांची भूक मेली होती. काट्याला शेवया गुंडाळत ते पडद्याकडे बघत बसले. आतापर्यंत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, पण त्यांच्या खुर्चीला लागूनच पडद्यात एक चौकोनी भोक होतं. पूर्वी तिथे कुंडी ठेवत असावेत. बसल्या जागेवरून पलीकडचं काही दिसत नव्हतं. किसलेल्या चीजचं भांडं मात्र दोन्ही टेबलांत मिळून एकच होतं आणि ते काकांसमोर होतं.

भोकातून एक हात आला. तळवा वर, बोटं किंचित वाकलेली. अंगठा जांभळा.

"ते चीज द्या हो जरा," पलीकडून आवाज आला.

काकांनी विचार केला नाही. विचार करायचं कामच नव्हतं. त्यांनी भांडं उचललं, डाव्या हाताने बूड पुसलं, हातावर अलगद ठेवलं आणि दोन बोटांनी वरून टकटक केलं. बत्तीस वर्षं प्रत्येक बस्ता त्यांनी असाच दिला होता.

हात मागे गेला नाही. मग भांडं पलीकडे ठेवल्याचा आवाज आला आणि तोच हात परत येऊन त्याने काकांचं मनगट पकडलं.

"साहेब!" शिक्केवाल्या बाई किंचाळल्या. "खिडकीकाका इकडे आहेत!"

"काहीतरीच काय? खिडकीकाका हे काय माझ्या शेजारी बसलेत. दोनदा पास्ता घेतलाय त्यांनी."

"ते कुणीही असोत! हा हात काकांचा आहे! मी सोडायची नाही!"

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. खरं म्हणजे पडद्याला वळसा घातला असता तर चार पावलांत काका समोर दिसले असते. पण ते कुणालाच सुचलं नाही. अकराच्या अकरा माणसं सवयीने त्या भोकापुढे रांगेत उभी राहिली.

कुरतडलेल्या नखांचा हात आत आला. "काका, उद्यापासून नदीकाठचे जुने नकाशे कुठे शोधायचे हो?"

"तिसरं कपाट. खालून दुसरा कप्पा. कपाटाचं दार वर उचलून उघडायचं, ओढायचं नाही."

"आणि काका, एकशे चारचा हरवलेला भाग?"

"हरवला नाही. एकशे चाळीसमध्ये आहे. तुमच्या आधीच्यांनी घातला होता, मी बोललो नाही."

वाकड्या करंगळीचा हात आला. "काका, माझं काय होणार? मला येऊन सहा महिने झाले. मला तर अंधारात जिना कुठे संपतो तेही अजून कळत नाही."

"भिंतीला धरून उतरा साहेब. शेवटची पायरी तुटकी आहे."

एकेक हात येत होता, काही विचारत होता, काकांचा हात दाबून मागे जात होता. कुणीही त्यांना थोर म्हटलं नाही. सगळे नुसते घाबरले होते. काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही, कारण आलेला प्रत्येक हात ते दोन्ही हातांनी धरत होते. उत्तरादाखल काकांनी लिहून आणलेलं भाषण त्यांच्या खिशातच राहिलं.

इकडे मॅनेजर सुन्न होऊन बघत होते. "मग आमचे तपासनीस कोण?"

"मी," रापलेले गृहस्थ पडद्याला वळसा घालून आले. "मघापासून सांगतोय."

"मग आम्ही बोललो ते..."

"चिखलापर्यंत ऐकू आलं. चिखल खरा आहे. बाकांवर मात्र कधी झोपलो नाही, ढेकूण असतात."

वेटरने विचारलं, "माणसं बदला, काही करा, पण दोन्हीकडे बारा भरतायत का? गोड आणायचंय." दोघांनी खुर्च्या बदलल्या. दोन्हीकडे बारा भरले. गोड आलं.

निघताना दारात दोघांची पुन्हा गाठ पडली. काकांनी बॅग पुढे केली, तपासनिसांनी लॅम्प. मग दोघेही घुटमळले.

"खरं सांगू?" तपासनीस म्हणाले. "घरी अशा सात बॅगा आहेत. मला आता एका जागी बसून वाचायचंय."

"आणि मला बत्तीस वर्षं दिव्याचाच उजेड होता," काका म्हणाले.

त्यांनी एकमेकांचा फोन नंबर लिहून घेतला आणि बॅग काकांबरोबर गेली, लॅम्प तपासनिसांबरोबर.

चारच्या चहाला काकांनी बायकोला सगळं सांगितलं. शब्दन्‌शब्द. तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा.

"एवढंच बोलले?" तिने विचारलं.

"एवढंच. पण अकराही जणांनी विचारलं."

मग पदराने डोळे टिपून तिने बॅग जवळ ओढली. बॅगेवर एक पितळी पट्टी होती. तिने चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "वर्षातले अकरा महिने घराबाहेर काढणाऱ्या आमच्या सहकाऱ्यास सप्रेम." आणि ती खो खो हसत सुटली. काका रोज सहा वाजून दहा मिनिटांनी घरात असत.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे तपासनीस होते आणि अगदी दबक्या आवाजात बोलत होते.

"काका, तुमच्या लॅम्पवर काय कोरलंय ते तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही बुवा. काय?"

"'बत्तीस वर्षांत एक दिवसही गाव न सोडणाऱ्या आमच्या सहकाऱ्यास.' माझ्या बायकोने वाचलं. मी तिला एकतीस वर्षं सांगतोय की मी फिरतीवर असतो. ती विचारतेय, गाव सोडलं नाहीत तर मग होतात कुठे? तिचा भाऊसुद्धा आलाय. काका, तुम्ही आत्ताच्या आत्ता या. येताना ती बॅग आणा, बॅगेवरची पट्टी दाखवायचीय."

काका उठले, चपला घातल्या आणि रिकामी बॅग चाकांवर खडखडवत दाराबाहेर पडले. बायको उंबऱ्यापर्यंत आली.

"जाऊन या," ती म्हणाली. "पण अकरा महिने लावू नका."