बाळाशेठ आणि बाराव्या भागातला व्हँपायर

बाळाशेठ व्हँपायर बघायला बसताना टोपी काढून मांडीवर ठेवतात. देवळात ती डोक्यावर असते, लग्नात असते, स्मशानातही असते. रक्त पिणाऱ्या जपानी राजपुत्रासमोर मात्र उतरते. का, ते मी कधी विचारलं नाही. डोंबिवलीत भाडेकरूनं घरमालकाला फार प्रश्न विचारू नयेत.

आमची इमारत शेठच्या भातशेतीवर उभी आहे. बदल्यात मिळालेल्या फ्लॅटांपैकी एकात ते राहतात, एकात मी. मुलं ठाण्याला टॉवरमध्ये राहायला गेली. शेठाणी गेल्या वर्षी वारल्या. नातू बंगळुरूला शिकायला जाण्याआधी त्यानं आजोबांच्या टीव्हीवर हे अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, सुरू करून दिलं. त्याचे दोन मित्र, शहाडचा निखिल कांबळे आणि टिटवाळ्याची सायली, तो गेल्यावरही दर रविवारी दुपारी येत राहिले. शेठचा टीव्ही भिंतीएवढा आहे, आणि वर जेवण मिळतं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पडद्याच्या खालच्या इंग्रजी ओळी शेठना मराठीत वाचून दाखवायच्या आणि शेवटी निकाल द्यायचा, हे माझं काम. भाग संपला की शेठ टीव्ही बंद करतात आणि विचारतात, "मास्तर, यो शास्त्रान बसतं का?" निकाल लागेपर्यंत ताटं मांडली जात नाहीत.

एकदा व्हँपायर आरशात दिसत नाही असा भाग होता. मी म्हटलं, शास्त्रात बसत नाही. शेठना त्या राजपुत्राची काळजी वाटली. मग तो दाढी कशी करतो, असं त्यांनी विचारलं. सायलीचं म्हणणं पडलं की व्हँपायरना दाढी येतच नाही. निखिलनं पहिला भाग लावून राजपुत्राची मिशी दाखवली. यात आमटी गार झाली.

बाराव्या भागात राजपुत्र उपाशी मरायला टेकलेल्या आपल्या वैऱ्याला स्वतः प्यालेलं रक्त तोंडातून पाजतो, आणि खरी वटवाघळंही असंच करतात, असं वर सांगतो. निखिल एका कंपनीच्या लॅबमध्ये असतो, त्याचा कशावर पटकन विश्वास बसत नाही. प्रेक्षकांना रडवायला काहीही घुसवतात, असं तो म्हणाला. सायली त्याच्याशी भांडली. दोघं माझ्याकडे बघू लागले.

मी सांगितलं की हे खरं आहे. रक्त पिणाऱ्या वटवाघळाला दोन-तीन रात्री काही मिळालं नाही तर ते मरतं. मग पोट भरलेलं दुसरं वटवाघूळ त्याला आपल्यातलं पाजतं.

"भावकीतला नसला तरी?" शेठनी विचारलं.

नसला तरी, मी म्हटलं. बरेच दिवस एका ढोलीत राहिले की पुरे.

"आन् तो मागतं कसा?"

जवळ सरकतं आणि दुसऱ्याला चाटत राहतं, मी म्हटलं.

तेवढ्यात सायली म्हणाली की सीझन संपला, पुढचा आला तर वर्षभरानं येईल. शेठना हे नवीन होतं. त्यांनी आजवर मराठी मालिका पाहिलेल्या. तिथे एकेक सासू वर्षानुवर्षं कारस्थानं करते आणि कोणी सीझन संपवत नाही. शेठनी तर पुढच्या रविवारची कोळंबीसुद्धा स्वयंपाकाच्या मावशीला सांगून ठेवली होती.

निखिल-सायलीला कल्याणला मित्राच्या साखरपुड्याला जायचं होतं. आज जेवायला थांबत नाही म्हणत दोघं उठले. निखिलनं हेल्मेट उचललं. शेठ दाराशी आले. आता रविवारचं काय, हा प्रश्न चौघांनाही पडला होता. मला उगाचच सीझन काढणाऱ्यांचा राग आला.

शेठनी निखिलच्या बाहीला हात लावला.

"मना एकट्याला जेवान जात नाय रं," ते म्हणाले. "भाग नसला तरी येत जा."

निखिलनं हेल्मेट खाली ठेवलं आणि सरळ जमिनीवर मांडी घातली.

"वाढा, शेठ," तो म्हणाला. "जाम भूक लागलीय."

येताना शहाडला तीन वडापाव खाल्ल्याचं त्यानं मला जिन्यात सांगितलं होतं. त्या दुपारी त्यानं दोनदा भात मागून घेतला.