निळ्यांच्या सातव्या लढाईची व वैजूच्या रजेची हकीकत

श्री. हिमालयाची लेक ज्याने आपले घरी नेली, तो गिरिजापती परमुलखी गेलेल्या सकळ लेकींचा सांभाळ करो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी समुद्राकाठी तीन खोल्या, एक पडवी आणि परसात आंब्याची दोन कलमे एवढी दौलत राजश्री रघुनाथपंत आठल्ये व त्यांचे कुटुंब सुमित्राबाई राखून होते. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. दौलतीस वारस एकच, कन्या वैजयंती, घरचे नाव वैजू. तिने यंत्रविद्या संपादिली आणि उत्तरेस हिमदेशी चाकरीस गेली, आणि तेथे काय चाकरी मिळाली ते ऐकोन दौलतीत दोन दिवस कोणी धड जेवले नाही. त्या देशी छपराखाली बर्फाचे मैदान करितात, आणि त्यावर पायी पोलादी पाती बांधून वीर धावतात, आणि वाकड्या काठ्यांनी एक काळी चकती हाणून शत्रूचे जाळ्यात घालू बघतात, यास बर्फावरील हॉकी म्हणतात. पात्यांनी बर्फ ओरखडून निघतो, म्हणोन मध्यंतरी एक थोर यंत्र फिरवितात, ते बर्फ खरवडिते आणि मागे पाणी सोडून पुन्हा गुळगुळीत करिते. निळे निशाण लावणारे जे सैन्य, त्यांचे मैदानी ते यंत्र वैजू हाकीत असे. बाई बोलल्या, "एवढी इंजिनिअर केली, ती तिकडे जाऊन अंगण सारवते?" पंत वदले, "अगं, यंत्रावर बसून सारवते. फरक आहे." बाई म्हणाल्या, "सारवणं ते सारवणंच." परंतु पुढे हळदीकुंकवास गेल्या तेव्हा हीच गोष्ट चार घरी आपण होऊन सांगून आल्या.

आता उभयतांस हा खेळ कळत होता म्हणावे तर बखर खोटी पडेल. चकती दोघांसही कधी दिसली नाही. पंत किल्लेदाराकडे बघत, म्हणजे जाळ्यापुढे अंगभर गाद्या बांधून जो उभा असतो त्याकडे, आणि तो आडवा पडला की काही घडले असे समजत. बाई कोंडवाड्याकडे बघत, कारण दांडगाई करणारास तेथे काही वेळ एकटे बसवितात, आणि बाईंस त्याची दया येई. "मेल्याचा दात पडलाय, आणि वर शिक्षा त्यालाच," असे म्हणत. तिकडची सांज ती इकडची सकाळ, सबब लढाई न्याहारीचे प्रहरी लागे. शेजारचे पाध्ये मास्तर यांनी मोबाइलावरोन टीव्हीस जोडणी करोन दिली होती, आणि त्या हक्काने ते रोज चहास येत आणि न विचारिता नियम समजावीत. परंतु खरी नजर मध्यंतरावर. सकळ जग खेळ पाहते आणि मध्यंतरी चहास उठते, आणि हे उभयता खेळ चालता चहा करीत आणि मध्यंतर होताच जागेवर येऊन बसत. प्रसारणवाले मोठे निष्ठुर. मध्यंतर जाहले की तीन पंडित आणून बसवीत, आणि पंडित जे आत्ताच सर्वांनी पाहिले तेच पुन्हा सांगत, आणि मग मोटारींच्या जाहिराती, आणि मग पुन्हा पंडित, आणि कधी मर्जी जाहली तरच मैदान दाखवीत, आणि त्यात कोपऱ्यात ते यंत्र, आणि यंत्रावर निळी टोपी. "ती बघा, मान डावीकडे! सायकलवर पण अश्शीच बसायची," बाई ओरडत, आणि पंत चष्मा पुसतात तो पुन्हा पंडित. एवढ्या दर्शनावर दौलतीचा दिवस निघत असे.

वैजूस घरी येऊन तीन वर्षे जाहली होती. वसंतात हिमदेशी मोठ्या मोहिमा होतात, त्यास प्लेऑफ म्हणतात. एका शत्रूशी फार तर सात लढाया, जो चार मारील तो पुढे, हरेल तो घरी. निळ्यांनी पहिली मोहीम मारिली आणि दुसरी तांबड्यांशी लागली, तेव्हा वैजू फोनवरून बोलली, "आई, ह्यात हरलो तर मी महिनाभर मोकळी, दुसऱ्या दिवशी विमान. पण जिंकलो तर पुढे खेळ, आणि तो संपला की लगेच मैदानाखालच्या नळांची दुरुस्ती. मग एकदम पुढच्या वर्षीच." बाई म्हणाल्या, "देव करील ते खरं." देवाने काय करावे ते मात्र त्यांनी फोन ठेविताच ठरविले. मधली खोली झाडविली, गादीस ऊन दाखविले, आणि वैजूस लोणच्याच्या ताज्या फोडी आवडतात म्हणोन लोणचे घालावयाचे तहकूब केले, आणि लढाया लांबत गेल्या तैशा कैऱ्या पाडाला लागल्या. एके दिवशी पंत देवघरात जाऊन पाहतात तो कुलदैवत तांब्यात बुडविलेले. पंतांनी पुसिले, "अगं, देव पाण्यात कुणासाठी घातलेस?" बाई म्हणाल्या, "निळे हरावेत म्हणून." पंत चकित जाहले. "अगं, लेक त्यांचं मीठ खाते!" बाई वदल्या, "म्हणूनच. तिथलं मीठ संपलं तर घरी येईल." पंत पडवीत जाऊन बसले. बखरकार सांगतो, मनातून पंतही तांबड्यांकडचेच होते, परंतु पुरुषाची जात, तोंडाने कबूल करवत नाही. मुलीची ओढ वाईट. न्यायनीती, निष्ठा, निशाण सर्व तिजपुढे फिके पडते.

ऐसे होता होता तीन लढाया निळ्यांनी मारिल्या, तीन तांबड्यांनी, आणि सातवी नेमकी वैजूचे मैदानी ठरली. त्या सकाळी पाध्ये मास्तर निळा सदरा घालून आले. बाईंनी त्यांस चहात साखर कमी घातली. लढाई मोठी निकराची जाहली, आणि तांबडे एकाने पुढे होते तोवर बाईंचा चेहरा खुलला होता, आणि मग निळ्यांनी फेड केली, आणि तिसरा म्हणजे शेवटचा डाव संपला तो दोन्ही फौजा बरोबरीत. मास्तर बोलिले, "वहिनी, आता जादा वेळ. जो पहिला गोल करील तो जिंकला. त्याआधी पुन्हा बर्फ गुळगुळीत करणार." त्या दिवशी प्रसारणवाल्यांस काय सुबुद्धी जाहली न कळे, पंडितांस बाजूस सारून त्यांनी मैदान दाखविले, आणि जवळून दाखविले. यंत्र फिरले, आणि मागे ओला बर्फ चकाकला, आणि शेवटी निळ्यांचे जाळे जेथे लावितात तेथून जाता वैजूने वेग कमी केला, आणि कोणी बघत नाही असे समजोन हात खाली बर्फाकडे नेला आणि कपाळास लाविला, जैसे आपण देवळावरून जाता करितो. मग जाहिरात लागली. पंत हळूच म्हणाले, "हिला जिंकायचंय गं." बाई म्हणाल्या, "मला दिसलं ते." आणि उठून देवघरात गेल्या, आणि तांब्यातील देव काढिले, आणि पदराने कोरडे पुसोन जागेवर ठेविले, आणि बाहेर येऊन बसल्या. पंतांनी पुसिले, "काय केलंस?" बाई म्हणाल्या, "काढले. तीन वर्षं ती तिथे एकटी राहिली, एकटी जेवली, आजारी पडली तेव्हा कोण होतं? ती माणसंच होती ना? त्यांच्यासाठी तिनं हात जोडले, आणि मी इथे बसून तिच्याच मुळावर उठू?"

मग जादा वेळ सुरू जाहला. बर्फ नवा, वीर दमलेले, चकती कोठे ते देव जाणे. तांबड्यांनी दोनदा हल्ला केला आणि निळ्यांचा किल्लेदार दोनदा आडवा पडला, आणि बाई पहिल्यांदाच ओरडल्या, "अरे, त्याला कुणी मदत करा रे!" आणि मग निळ्यांचे दोघे चकती घेऊन सुटले, आणि एकाने काठी उगारिली, आणि तांबड्यांचा किल्लेदार आडवा पडला, आणि जाळ्यामागे गोलाचा दिवा पेटला. सर्वांत आधी बाई उभ्या राहिल्या आणि ऐशा ओरडल्या की परसातली मांजर भिंतीवर चढली, आणि पंतांनी मास्तरांस मिठी मारिली, आणि तिघेही मुलांसारखे नाचले. मग नाच थांबला. मास्तरांस वैजूच्या रजेची गोष्ट आठवली आणि ते चष्मा काढून उगाच पुसू लागले. पंतांनी मधल्या खोलीकडे पाहिले आणि तिचे दार हलकेच ओढून घेतले.

इतक्यात फोन वाजला. तिकडे हजारो लोकांचा गलबला, आणि त्यात वैजूचा आवाज, "आई! जिंकलो! पाहिलंस का?" बाई म्हणाल्या, "पाहिलं तर! तुझे बाबा नाचले." वैजू खूप हसली आणि मग एकाएकी म्हणाली, "आई, म्हणजे आता यंदा..." बाईंनी तिजला पुरे बोलू दिले नाही. "ते राहू दे. पुढची लढाई कुणाशी? आणि आपल्याकडे किती वाजता लागते?" वैजू म्हणाली, "आई, तू रडतेयस का?" बाई म्हणाल्या, "छे गं. इथे सगळे ओरडतायत ना, त्यानं तुला तसं वाटतंय." त्या समयी पंत व मास्तर खाली माना घालून बसले होते आणि घरात पंख्याखेरीज कशाचाही आवाज नव्हता.

जे घडले ते येथवर, पदरचे काही घातले नाही. निळ्यांस यश आले, तांबडे घरी गेले. आईबापांनी लेकीचा जय मागितला आणि देवाने तो लागलाच दिला. आता फोनवर गोड बोलावे आणि पुढील वैशाखाची वाट पाहावी, एवढाच त्या दौलतीचा राज्यकारभार उरला.