कोटावरचा कोष

सत्काराला निघताना निवृत्त पोस्टमास्तर गॅलरीत दोन दिवस उन्हाला टांगलेला काळा कोट काढायला गेले, तर कॉलरखाली हिरवट बोंडासारखं काहीतरी चिकटलेलं. ते नखानं उडवणार, इतक्यात आठ वर्षांची नात आडवी आली. लिंबाच्या कुंडीतली अळी कोटावर चढून कोषात गेली होती. नातीच्या हातात वाचनालयातून आणलेलं फुलपाखरांचं पुस्तक होतं आणि त्यात सतराव्या पानावर स्पष्ट छापलं होतं, की कोषाला हात लावू नये, जागचा हलवू नये.

मास्तरांनी सुनेकडे दाद मागितली. ती म्हणाली, पुस्तकात दिलंय म्हणजे काहीतरी कारण असेलच. मुलगा म्हणाला, माझा कोट घाला. मुलगा अंगानं काटकुळा. सन्मानचिन्ह घ्यायला मास्तरांनी हात पुढे केले आणि पाठीची शिवण उसवल्याचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत गेला. जागेवर परतताना ते सभेकडे तोंड ठेवून मागच्या मागे चालत गेले. लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी ते तावातावानं वाचनालयात गेले. "हे पुस्तक पोरांना घरच्या माणसांविरुद्ध फितवतंय. आजच्या आज कपाटातून काढा."

ग्रंथपाल बाईंनी शांतपणे सांगितलं, की तक्रार लेखी लागते, पान नंबर घालून, आणि पुस्तक पूर्ण वाचूनच. जन्मभर लोकांना फॉर्म भरायला लावलेला माणूस पुस्तक काखोटीला मारून घरी परतला.

मग मास्तर रोज पेन्सिल घेऊन गॅलरीत बसू लागले. एक डोळा पुस्तकावर, एक कोटावर. अकराव्या दिवशी ते पुन्हा वाचनालयात हजर झाले. तक्रार मात्र बदलली होती. पुस्तक म्हणतं, साधारण आठ ते दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर येतं. कुठे आलंय?

"साधारण म्हटलंय ना," बाई म्हणाल्या.

"पत्र साधारण पोचेल असं आम्ही सांगितलं असतं, तर लोकांनी आम्हाला फाडून खाल्लं असतं. लहान मुलांना काय वाटेल ते सांगायचं होय?"

तेराव्या दिवशी सकाळी कोष काळपट झाला आणि आतले पंख दिसू लागले. नात शाळेत होती. मास्तर घरच्या सपाता घालूनच धावले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तास चालू असताना मुलीला सोडायचं तर तसंच कारण हवं.

"घरी बाळंतपण आहे. वेळ भरत आलीय."

"कुणाचं?"

"ते सांगत बसलो तर चुकेल आमचं."

मुख्याध्यापिकांनी लगेच शिपायाला वर्गाकडे पिटाळलं.

दोघं धापा टाकत पोचली तेव्हा कोषाला नुकती चीर गेली होती. ओला, चुरगळलेला जीव बाहेर आला आणि कॉलरला लटकून राहिला. पंख हळूहळू भरत गेले. नात काही बोलायला गेली, तर मास्तरांनी डोळे वटारले. तासाभरानं फुलपाखरू कठड्यावरून उडालं.  मास्तर चष्मा पुसत म्हणाले, तेरा दिवस. लेखी कळवायला हवं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात मुख्याध्यापिका, हातात विणलेलं इवलंसं टोपडं. "अभिनंदन. मुलगा की मुलगी?"

मुलगा आणि सून एकमेकांकडे बघत राहिले. आतून मास्तर आले, हातात पुस्तक, कपाळावर आठ्या.

"नेमकं तेवढंच दिलेलं नाही हो यात," ते संतापून म्हणाले. "पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शोधलं."