बियाला ठेवलेला गड्डा

वाघमारे सर कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात डोकावतात. फ्लॉवर दिसला तर उचलून, उलटा करून, अंगठ्यानं दाबून पाहतात आणि विचारतात, "ह्याचे आईबाप कोण?" आमची ही पहिल्यांदा गोंधळून म्हणाली, "मंडईतून आणलाय." सरांनी तो सहानुभूतीनं खाली ठेवला.

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवतो, तिथं सर बायोलॉजी शिकवतात. आनुवंशिकतेचा धडा आला की पुस्तकातले वाटाणे बाजूला सारून ते फ्लॉवरवर येतात. "वजन वाढवाया गेलं की गड्डा सैल पडतो. घट्ट ठिवाया गेलं की वजन घटतं. दोन्ही एका झाडात आणण्यात माणसाचा जलम जातो." पोरं लिहून घेतात, परीक्षेत ते कधी येत नाही. क्लासच्या मालकांनी बॅच दुप्पट केली तेव्हा सर भर मीटिंगमध्ये म्हणाले, "साहेब, गड्डा सैल पडाया लागला." माझ्या मेहुणीला पाहायला आलेल्या धिप्पाड मुलाबद्दलही त्यांचं हेच मत पडलं. लग्न झालं, आणि मत दुर्दैवानं बरोबर निघालं.

घरामागच्या वाफ्यात सर स्वतःची जात तयार करतात. झाडं फुलावर आली की परके पराग येऊ नयेत म्हणून फुलांना मलमलच्या पिशव्या बांधतात. सगळ्यात चांगला गड्डा ते कापत नाहीत. "हा बियाला," एवढंच म्हणतात. कापला तर त्या झाडाचं बी मिळायचं नाही. राहिलेले गल्लीत वाटतात.

पूर्वी हा वाफा गावाकडे होता आणि राखायला त्यांची बायको होती. ती दरसाल म्हणायची, "एकदा तो मोठा कापा की." हे म्हणायचे, "पुढल्या साली." भूकंपात गाव पडलं, ती गेली. सर त्या पहाटे लातुरात होते, बियांचा डबाही त्यांच्यापाशी होता. तेव्हापासून त्यांनी फ्लॉवर तोंडाला लावलेला नाही.

यंदा मात्र तो गड्डा आला. वजनदार, पांढराशुभ्र, दाबला तर अंगठा दुखावा इतका घट्ट. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो हाच, हे आम्हा अडाण्यांनाही कळलं.

भूकंपाच्या तारखेला सर सकाळीच आमच्या दारात उभे राहिले. हातात तो गड्डा, देठाशी कापलेला.

"वहिनी, बटाटा घालून भाजी करून देता? तिला तशीच लागायची."

मला राहवलं नाही. "सर, अन् बी?"

सर चपला काढून ओट्यावर बसले. पडलेल्या जुन्या गावाकडे जाणाऱ्या एसटीला अजून तासभर होता.

"बी यंदा दुसऱ्या नंबरच्या झाडाचं धरू," ते म्हणाले. "तिनं लई वर्सं दुसऱ्या नंबरचंच खाल्लं."