मऊ ब्रेक आणि तापट जावई

पुढचा ब्रेक जरा मऊ लागतोय, एकदा गॅरेजला दाखवून यावं, असा विचार माझ्या मनात आला होता. मला विचार वेळेवर येतात. (तक्रार असलीच तर ती पायांबद्दल आहे.) पण तो रविवार होता, जेवण झालं होतं आणि पंखा कधी नव्हे तो चांगला फिरत होता. म्हटलं, पुढच्या रविवारी बघू.

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात डिस्पॅच क्लार्क. दिवसभर दुसऱ्यांचा माल वेळेवर निघाला की नाही ते बघायचं आणि संध्याकाळी घणसोलीतल्या भाड्याच्या घरात येऊन स्वतः पडून राहायचं, हा माझा दिनक्रम. चाळिशी उलटल्यावर माणसाला एकदा तरी काहीतरी चमकदार घ्यावंसं वाटतं. मी मोटरसायकल घेतली. परदेशी! तळोज्याच्या एका इंजिनियरसाहेबांनी ती कस्टमच्या लिलावात उचलली होती आणि भरपूर वापरून त्यांना तिचा कंटाळा आला होता. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक. तेव्हा आमच्या गल्लीत असा ब्रेक दुसऱ्या कुणाकडे नव्हता. हँडलवर एक छोटी काळी डबी, तिला एवढीशी काचेची खिडकी आणि आत ब्रेकचं ऑइल. किल्ली देताना साहेब म्हणाले होते, "सयाजीराव, हे ऑइल तेवढं दोनेक वर्षांनी बदलत जा." मी मान डोलावली होती. मान डोलवायला मी कधीच कमी पडत नाही.

तर ब्रेक मऊ झाला. लिव्हर दाबली की लोण्यात बोट घातल्यासारखी आत जायची आणि गाडी आपल्या सवडीने थांबायची. ही गोष्ट मी कँटीनमध्ये गोटीरामला सांगितली. गोटीराम आमच्या स्टोअरमध्ये आहे. रद्दीतून परदेशी मोटारींची मासिकं विकत आणतो आणि त्यातली चित्रं बघतो.

"कितीही जोरात दाबला तरी चाक अडकत नाही?" त्याने विचारलं.

"अजिबात नाही."

"घसरत नाही?"

"घसरेल कशाला? चाक फिरतच असतं."

गोटीरामने वडापाव खाली ठेवला. "अरे, नशीब काढलंस! ती अँटी-लॉक सिस्टीम आहे. जर्मनीत आली नवीन. ब्रेक मारला तरी चाक लॉकच होत नाही!"

मला एकदम आपण जर्मनीत असल्यासारखं वाटलं. आता जी वस्तू बिघडली आहे असं आपण समजत होतो तीच मुळात जास्त भारी आहे असं कुणी सांगितलं, तर गॅरेजला कोण जाईल? मी घरी गेलो आणि बायकोला, सुनयनाला, अँटी-लॉक समजावून सांगितलं.

"म्हणजे ब्रेक दाबला की गाडी थांबत नाही," ती म्हणाली.

"थांबते गं. पण चाक लॉक न होता थांबते."

"कधी?"

बायकांना यंत्रातलं कळत नाही, असं मी तेव्हा मनात म्हणालो. (मोठ्याने नाही. मोठ्याने म्हणायचं ते मी साधारणपणे कारखान्याच्या गेटबाहेर, ट्रक जात असताना म्हणतो.)

त्याच सुमारास साताऱ्याहून माझ्या सासूबाई, राजाबाई, आल्या. सुनयनाच्या चुलतबहिणीच्या मुलीचा, वैष्णवीचा, साखरपुडा होता. मुलाकडच्यांचा बंगला बेलापूरला, पारसिकच्या टेकडीवर अगदी वरती. सासूबाईंचं वजन आणि आवाज दोन्ही भरदार. त्या बोलायला लागल्या की आमच्या घरातला टीव्ही आपोआप बारीक वाटायचा.

साखरपुडा छान झाला. जेवणं झाली. पानं खात सगळे बसले असताना मुलाच्या वडलांनी सहज विचारलं, "जावई काय करतात आपले?"

"क्लार्क आहेत," सासूबाई म्हणाल्या. "लग्नातही क्लार्क होते, आताही क्लार्कच आहेत. बढतीचं विचाराल तर, साहेबासमोर तोंड उघडायला नको का? पण स्वभावाने गरीब हो. आमच्या गावच्या म्हशीला तरी राग येतो, यांना नाही."

सगळे हसले. मीही हसलो. सवयच आहे.

परतताना सुनयना मुलांना आणि भेटवस्तूंना घेऊन रिक्षाने पुढे गेली. सासूबाई माझ्या मागे बसल्या. मांडीवर लाडवांचा डबा. ओटीच्या नारळांची पिशवी त्यांनी स्वतःच्या हाताने पुढच्या लेगगार्डला, उजव्या बाजूला, अडकवली. आणि आम्ही टेकडी उतरायला लागलो.

पारसिकचा तो रस्ता म्हणजे चढताना इंजिनाची परीक्षा आणि उतरताना माणसाची. मी पुढचा ब्रेक हलकेच दाबून धरला होता. एक वळण गेलं, दुसरं गेलं. लिव्हर आधी मऊ होती, मग अगदीच मऊ झाली, आणि तिसऱ्या वळणापाशी ती हँडलच्या मुठीला जाऊन टेकली आणि तिथेच राहिली. मी सोडून पुन्हा दाबली. आत काहीच नव्हतं. हस्तांदोलनाला हात पुढे करावा आणि समोरच्याची नुसती बाहीच हातात यावी, तसं.

मी पायाच्या ब्रेकवर उभा राहिलो. पेडल खाली जाईना. वाकून बघितलं तर पिशवी झुलत झुलत आत आली होती आणि तिच्यातला एक नारळ पेडलखाली जाऊन घट्ट बसला होता.

गाडीने वेग घेतला. (गियर खाली टाकायचा असतो, हे मला आठवलं. पण ते नंतर, वाळूत.) माझ्या तोंडून शब्द फुटेना. दात आवळलेले, मान ताठ, डोळे रस्त्यावर. आणि माझं हे रूप मागून बघून सासूबाईंनी त्याचा स्वतःपुरता अर्थ लावला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "हळू की जरा."

मी गप्प.

"मी आपलं गमतीनं म्हटलं हो मघाशी. म्हशीचं."

मी गप्प. वळण आलं. आम्ही ते घेतलं, म्हणजे त्याने आम्हाला घेतलं.

"अहो, एवढा राग? चुकलं माझं! चारचौघांत बोलायला नको होतं!"

वारा कानात घोंगावत होता. समोरून एक पाण्याचा टँकर वर येत होता. मी हॉर्नवर अंगठा दाबून धरला. सासूबाईंना वाटलं, हा हॉर्न त्यांच्यासाठीच आहे.

"लग्नात मी तुम्हाला बुटका म्हटलं, तेही चुकलं! सुनयनाला तलाठ्याचं स्थळ आलं होतं, ते मी दर दिवाळीला काढते, आता नाही काढणार! आईशप्पथ नाही काढणार!"

टँकर आमच्या बाहीला वारा घालून गेला. मला ते तलाठ्याचं माहीतच नव्हतं. अशा वेळी नवीन माहिती मिळू नये.

"तुमच्या आईच्या हातचं पिठलं चांगलं असतं!" सासूबाई आता ओरडत होत्या. "मीच नावं ठेवत होते! थांबवा हो, पाया पडते!"

टेकडीच्या पायथ्याला एक बंगला बांधायला काढला होता. त्या काळात नवी मुंबईत कुठेही बघा, अर्धा रस्ता वाळूचाच असायचा आणि आम्ही त्याबद्दल रोज कुरकुरायचो. त्या दिवशी वाळूचा तो ढीग मला देवासारखा दिसला. मी डोळे मिटले आणि हँडल तिकडे वळवलं.

धप्पकन आवाज झाला. मग बराच वेळ कसलाच आवाज झाला नाही.

डोळे उघडले तेव्हा गाडी दिव्यापर्यंत वाळूत रुतली होती. मी तिच्या पलीकडे पालथा होतो. सासूबाई ढिगाच्या अगदी माथ्यावर मांडी घालून बसल्या होत्या, डबा छातीशी धरलेला. एकही लाडू सांडला नव्हता. मी हातपाय हलवून पाहिले. हलत होते. सासूबाईंचेही हलत होते, ओठसुद्धा.

"निवला का राग?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

आता खरं सांगायची हीच वेळ होती, हे मलाही कळतं. पण पंधरा वर्षांत त्या माझ्याशी बारीक आवाजात पहिल्यांदाच बोलत होत्या. मी तोंडातली वाळू थुंकलो आणि म्हणालो, "हं."

घरी आल्यावर जे सुरू झालं त्याची मला सवय नव्हती. ताटात पहिली भाकरी मला. तिच्यावर तूप. मी खोलीत आलो की सासूबाई डोक्यावरचा पदर सारखा करायच्या. सुनयनाला त्या स्वयंपाकघरात दबक्या आवाजात सांगताना मी ऐकलं, "जपून राहा गं पोरी. गरीब दिसतो, पण आतून लाव्हा आहे." सुनयना रात्री माझ्याकडे नव्याने बघायला लागली. "खरंच एवढा राग आला होता तुम्हाला?" तिने विचारलं. मी खिडकीबाहेर बघितलं. तापट माणसं बहुतेक असंच बघत असावीत. खरं सांगतो, तापट राहणं फार दमवणारं काम आहे. हसू आलं तरी हसायचं नाही, आमटी अळणी असली तर गप्प बसायचं नाही. चौथ्या दिवशी माझी मान दुखायला लागली.

गाडी मी गुपचूप आमच्या घरमालकाच्या, शिवाशेठच्या गॅरेजवर नेली. शिवाशेठ तिथलेच गावातले. नव्या शहरासाठी जमिनी गेल्यावर मिळालेल्या पैशांतून डंपर घेतले आणि डंपरांसाठी गॅरेज काढलं. त्यांनी ती काळी डबी उघडली आणि आत बघून कपाळाला हात लावला. ऑइल जाऊन तिथे काळ्या चहासारखं काहीतरी उरलं होतं. हे ऑइल म्हणे हवेतलं पाणी ओढून घेतं. वर्षानुवर्षं बदललं नाही की त्यात पाणीच पाणी होतं. उतारावर ब्रेक तापला की ते पाणी उकळतं, त्याची वाफ होते, आणि मग लिव्हर दाबून नुसती वाफच दाबली जाते. जर्मनीचा यात काहीही संबंध नव्हता. मी त्यांना हात जोडून सांगितलं, घरी बोलू नका. त्यांनी नवीन ऑइल भरलं, आतली हवा काढली, आणि लिव्हर दाबली तर कशी दगडासारखी टणक!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे चहा घेत होतो. मी नेहमीप्रमाणे कपाळाला आठ्या घालून बसलो होतो. तेवढ्यात शिवाशेठ भाड्यासाठी दारात आले. मी हात जोडून केलेली विनंती ते बहुधा विसरले होते.

"काय सयाजीराव," ते दारातूनच गरजले, "ब्रेक लागतंय ना आता बराबर? मावशी, तुमचा नशीब जोरावर हाय! यो मानूस ब्रेक नसलेली गारी घेऊन तुमाला टेकरीवरशी खाली घेऊन आला! ऑइलचा पानी झालता पानी! याला ठावंच नव्हता!"

सुनयनाने कप खाली ठेवला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या आठ्यांकडे बघितलं. आठ्या मी हळूहळू काढून घेतल्या.

"म्हणजे ब्रेक गेला होता?" त्यांनी विचारलं. आवाज अजून बारीकच होता.

"हो."

"म्हणजे तुम्ही रागाने नव्हता पळवत?"

"नाही हो, सासूबाई," मी घाईघाईने म्हणालो. म्हटलं, आता निदान चांगुलपणा तरी पदरात पडू दे. "तुमच्यावर मी रागवेन का? कधीच नाही."

"चारचौघांत मी तुम्हाला म्हशीवरून बोलले, तरी राग आला नाही?"

"अजिबात नाही!"

सासूबाईंनी माझ्या ताटलीतला तुपाने भिजलेला लाडू उचलला, धाकट्या नातवाच्या हातात दिला, आणि भरदार आवाजात लेकीला म्हणाल्या,

"बघ. मी पहिल्यापासून सांगतेय, या माणसात दमच नाही."