हिरव्या सारणाची चव

कर्र.

आवाज तो केवढा? चंदेरी कागदाचा एक कोपरा नखाने उचलला, एवढंच. पण जेवणं आटोपून सगळं घर आडवं झालेलं असताना खारूच्या आईला तो आवाज कुणीतरी लाकूड चिरल्यासारखा वाटला. स्वयंपाकघरात फ्रीजच्या आडोशाला, उपड्या बादलीवर ती बसली होती. तिने श्वास रोखला. बाहेरच्या खोलीत नवऱ्याचं घोरणं एक ठेका चुकलं, पुन्हा लयीत आलं. आत सासूबाईंनी कूस बदलली. खारू झोपलेली होती. निदान मघाशी तरी होती.

पुढचे दोन मोठ्ठे दात आणि दिसेल ते कुरतडायची सवय, म्हणून लेकीचं नाव खारू पडलं होतं. ती जन्मल्यापासून पाच वर्षांत आईच्या वाट्याला पहिला घास म्हणून आलाच नव्हता. पावाच्या कडा तिच्या, सफरचंदाचा गाभा तिचा, एका बाजूने चाटून मऊ झालेलं बिस्किट तर हक्काने तिचं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. फक्त एक वस्तू एकदा, पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत, एकटीने खायची होती.

ती वस्तू तिला स्वस्ताईच्या दुकानात, मोजे आणि भांड्यांच्या घासण्या यांच्यामधल्या टोपलीत सापडली होती. वर चॉकलेट, आत पिस्त्याचं हिरवं सारण, त्यात शेवयांसारखं काहीतरी कुरकुरीत. सगळं जग म्हणे त्याच्यासाठी वेडं झालं होतं. तिची ताई तर महिनाभर फोनवर दुसरं काही बोलत नव्हती. "खाल्लं नाहीस ना, तर जगलीस काय नि नाही काय," असं तिचं मत होतं. या घरात फ्रीज म्हणजे भर चौक. तेव्हा थंडी पडेपर्यंत कुणी हात लावणार नाही अशा जागी आईने ते आठ दिवस दडवलं होतं.

तिने पहिला घास घेतला. डोळे मिटले. मग उघडले.

कुरकुर होती. हिरवं होतं. गोड होतं. पण त्याच्या मागून हळूच जे आलं ते काय होतं, हे काही केल्या कळेना. फुलांचा वास असावा तशी चव. तोंडाने नुकतीच आंघोळ केली असावी तसं काहीतरी.

तिने ताईला फोन लावला आणि कुजबुजली, "ताई, त्या हिरव्या चॉकलेटची चव कशी असते गं?"

"अगं, स्वर्ग."

"स्वर्ग म्हणजे? फुलांसारखी लागते का?"

पलीकडे ताईने घसा खाकरला. "लागते की. काहींना लागते. पहिल्या घासात नाही कळत ते. दुसरा घे."

दुसऱ्या घासात फुलं जास्त लागली. आता जग वेडं की आपली जीभ वेडी, हा प्रश्न पडला. ती त्याच विचारात असताना दारातून आवाज आला, "बादलीवर काय बसलीस?"

सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या.

"काही नाही आई. हे खराब झालंय का बघत होते. तुम्हाला द्यायच्या आधी."

थाप इतकी सहज निघाली की तिची तिलाच लाज वाटली. सासूबाईंनी तुकडा तोंडात टाकला आणि भिंतीकडे बघत राहिल्या. "ही चव ओळखीची आहे गं माझ्या."

"कशाची?"

"तेच आठवत नाहीये. दे बघू अजून एक."

दुसऱ्यानेही आठवलं नाही. तिसऱ्याने अगदी जिभेवर आलं आणि परत गेलं. मग त्यांनी लेकाला हाक मारली. तो पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होता, आणि घरातल्या कुठल्याही शंकेचा निकाल तोच द्यायचा. डोळे चोळत तो आला, चूळ भरली, तुकडा उजेडात धरला, हुंगला, मग खाल्ला.

"रंग ठीक. गाळ नाही. वास शंकास्पद," तो म्हणाला. "पण एका नमुन्यावर काही सांगता येत नाही. तीन लागतात. एक कडेचा, एक मधला, एक तळाचा."

"चॉकलेटला तळ कुठला?" आईने विचारलं.

"अगं, नियम आहे तो."

नियमाने आणखी दोन तुकडे गेले. कागदावर उरले फक्त दोन. आई त्यांच्याकडे बघत होती आणि हसावं की रडावं तिला कळत नव्हतं.

"निष्कर्ष काय?" सासूबाईंनी विचारलं.

"पिण्यास अयोग्य," तो म्हणाला आणि बोट चाटलं.

तेवढ्यात ताईचा फोन आला. आईने हिरवट हाताने उचलायला जाऊन चुकून स्पीकर लावला.

"ऐक ना," ताईचा आवाज घरभर घुमला, "मघापासून मला चैन पडेना. मी ते खाल्लेलं नाहीये गं. नुसते व्हिडिओ बघितलेत. तुझं ऐकून मग आणणार होते. फुलांची चव लागते का खरंच?"

सगळ्यांच्या माना वळल्या. कारण दारात खारू उभी होती, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. काही न विचारता तिने एक तुकडा उचलला. पुढच्या दोन दातांनी तो कुरतडला. तिघेही वाकून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कसं लागतंय गं?"

"मस्त," खारू म्हणाली. "आजीसारखं."

सासूबाईंनी आधी नातीकडे बघितलं. मग स्वतःच्या पदराचा वास घेतला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला, महिनाभर हरवलेली किल्ली सापडावी तसा.

"साबण," त्या म्हणाल्या. "माझ्या लोकरीच्या शालीत मी वासासाठी साबणाची वडी ठेवते ना, तोच हा वास. पलंगाखालच्या ट्रंकेतल्या." आणि मग, थोड्या वेळाने, "पण चॉकलेटला माझ्या शालीचा वास कसा लागेल?"

नवरा खारूच्या आईकडे बघू लागला. सासूबाई आईकडे बघू लागल्या. फोनमधून ताई "हॅलो, हॅलो" करत होती. आईने कागदावरचा शेवटचा तुकडा उचलला. तोंडाकडे न्यावा की सासूबाईंपुढे धरावा, ते न ठरून हात मध्येच राहिला.

खारूने बोटं चाटून साफ केली आणि आईच्या मांडीवर चढून बसली.

"मी बघितलंय," ती लाडाने म्हणाली. "तू त्याला आजीच्या शालीत गुंडाळून झोपवलं होतंस. रोज बघायला पण जायचीस, दार लावून. आई, त्याला थंडी वाजत होती, की ते आमच्याशी लपाछपी खेळत होतं?"